लेकींचा कळस, आक्काचा हौद

मला न विचारता ग्रुपमध्ये घातलं, तिथूनच माझं डोकं फिरलं. सकाळची वेळ, एका शेगडीवर आमटी, दुसरीवर भाताचं पातेलं, हात कणकेत, आणि फोन आपला टिंग टिंग वाजतोय. सांगलीत विश्रामबागेत मी डबे करते. कॉलेजची पोरं, बदली होऊन आलेले बँकवाले, एकटे राहणारे म्हातारे. डबे वेळेत गेले पाहिजेत, त्या घाईत दारात यम आला तरी मी त्याला पाट देऊन बसवून ठेवीन. शेवटी वैतागून कोपरानं फोन सरळ केला आणि बघितलं. 'आपल्या गावच्या लेकी' असं ग्रुपचं नाव. ग्रुप चालवणारे सगळे पुरुष. त्यातला एक माझा सख्खा भाऊ.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, रहिमतपूरच्या जवळ. गावाला कॅनॉलचं पाणी, नजर जाईल तिथं ऊस, घरटी एक माणूस पलटणीत. देवळाचा जीर्णोद्धार चाललाय हे ऐकून होते. आता शिखर पूर्ण झालं होतं आणि वरचा कळस तेवढा राहिला होता. तो गावातून लग्न होऊन गेलेल्या लेकींनी द्यायचा, असं गावानं ठरवलं होतं. हल्ली आमच्या भागात ही नवी रीत निघाली आहे. एका गावानं केलं की शेजारच्या गावाला चैन पडत नाही. लेकींना बोलवायचं, एका रंगाच्या साड्या नेसवून डोक्यावर कलश देऊन मिरवायचं, जेवू घालायचं, साडीचोळी करायची, आणि हे सगळं करायच्या आधी त्यांच्याकडून पैसे घ्यायचे. मेसेजमध्ये मी 'यथाशक्ती' हा शब्द शोधला, सापडला नाही. 'किमान' हा शब्द होता, आणि त्याच्यापुढचा आकडा बघून मी कणकेचा हात तसाच कपाळाला लावला.

मी चिकट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटेल. महिन्याचे पैसे हातात आले की आधी पोस्टात जायचे ते जातात, त्यात खाडा नाही. मग एक डबा बिनपैशाचा. दर वर्षी एखादं पोरगं असतंच, ज्याच्या घरून पैसे वेळेवर येत नाहीत आणि ते बोलून दाखवायची त्याला लाज वाटते. त्याला मी म्हणते, परीक्षा झाल्यावर बघू. परीक्षा झाल्यावर मी काही बघत नाही. डबे पोचवणाऱ्यालासुद्धा ठाऊक नसतं की त्यातला फुकटचा कुठला. उरलेल्यात घर चालतं. घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मधूनमधून म्हणून बघितलं, आधी घर आणि मग पोस्ट. मी ऐकलं नाही. जी बाई स्वतःसाठी काहीच ठेवत नाही तिला कुणी मोजत नाही, आणि जी सगळंच धरून बसते तिच्या घशाखाली घास उतरत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, मी दोन्ही तऱ्हेच्या बायका बघितल्या आहेत.

पोस्टातले पैसे चपातीच्या मशीनसाठी होते. माझा उजवा खांदा गेलाय. डॉक्टर म्हणाले, लाटणं बंद करा. मी म्हटलं, मग उद्यापासून तुम्ही या लाटायला. ते हसले आणि गोळ्या लिहून दिल्या.

तर मी ग्रुपवर सरळ लिहिलं, 'मला जमणार नाही. कळसाला माझा इथूनच नमस्कार.' मग दादाचा फोन आला. दादा माझ्याहून मोठा, देवळाच्या कमिटीत आहे.

"काय लिवलंयस हे? काढ आदी ते."

"का, खोटं हाय का त्यात काय?"

"आगं, सगळं गाव वाचतंय. आपल्या घरातनं दोन लेकी. पलीकडच्या आळीत तिघी-तिघींनी भरलं पण."

"मग पलीकडच्या आळीचा कळस म्हणा त्याला."

"पैशाचं काय न्हाई गं," दादा म्हणाला, "पर माझं तोंड दिसतंय का तुला तितं?"

पैशाचं काही नसेल तर तू भर, असं मी म्हटल्यावर त्याला दुसरीकडून फोन यायला लागला आणि त्यानं माझा ठेवून दिला. आयजीच्या जीवावर बायजी उदार, ही म्हण कुणी केली ठाऊक नाही, पण जिनं केली तिलाही एक भाऊ असणार.

मला राग कळसाचा नव्हता. देवाला मीही हात जोडते. राग दुसराच होता आणि तो जुना होता. वडील गेले तेव्हा जमिनीत आम्हा दोघी बहिणींचा वाटा लागत होता. दादानं कागद तयार करून आणले. भांडण नाही, जबरदस्ती नाही. जमीन मागणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही, हे आम्हाला कुणी सांगायची गरजच नव्हती, ते आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलो होतो. हक्कसोडपत्रावर आम्ही दोघींनी सह्या केल्या. कचेरीतून बाहेर पडल्यावर दादानं आम्हाला रसवंतीत नेलं आणि आलं-लिंबू घातलेला उसाचा थंड रस पाजला. त्या दिवशी तो मला गोड लागला होता, याची आज जास्त चीड येते. त्या सहीला कुणी दान म्हटलं नाही. बागायत जमीन सोडून देणाऱ्या बाईसाठी कुणी मांडव घातला नाही, आणि आता देवळावरच्या तांब्याला पैसे दिले की तीच बाई दानशूर.

आमची आक्का आम्हा भावंडांत थोरली. ती दिली जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. तिथं सगळं गावच तिला अक्का म्हणतं, कारण कानडीतही थोरल्या बहिणीला तेच म्हणतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला हॉटेलात कामाला आहे आणि त्याचं त्यालाच पुरत नाही. आक्काकडं पावसावरची ज्वारी, शेळ्या आणि भरपूर ऊन. उन्हाळ्यात गावात टँकर येतो आणि सार्वजनिक विहिरीत पाणी ओतून निघून जातो. मग बायका चहूबाजूंनी दोर टाकतात. एकदा या ओढाओढीत आक्का कठड्यावर आपटली आणि तिचं मनगट मोडलं. ते हाड वाकडंच बसलं. तेव्हापासून तिचं एकच चाललेलं, दारात हौद बांधायचा. सिमेंटचा, जमिनीत अर्धा, झाकणाचा. मग शेजारणीबरोबर मिळून विकतचा टँकर आणायचा, शेळ्यांना घरीच पाजायचं, आणि पुन्हा म्हणून त्या विहिरीवर जायचं नाही.

या हौदासाठी ती किती वर्षं साठवत होती ते मला माहीत आहे. बोकड विकला की हौद. रोजगार हमीचे पैसे आले की हौद. चहात साखर कमी, कारण हौद. मी देते म्हटलं तर म्हणायची, "धाकटीकडनं घेत्यात व्हय कुटं? मला पाप लावतीस?" तिला द्यायचं तेवढं कळतं, घ्यायचं कळत नाही. महापुरात आमच्या तेव्हाच्या नदीकाठच्या घरात पाणी शिरलं आणि आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर दिवस काढत होतो, तेव्हा तिच्या गावानं भाकरी धाडल्या होत्या. ज्यांच्याकडं प्यायला पाणी नाही त्यांनी पुरात बुडालेल्यांसाठी टेंपो भरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी धाडली. घराघरातून पीठ गोळा केलं, रात्री जागून बायकांनी थापल्या. भाकरी बांधलेल्या फडक्यांवर कुणाचं नाव नव्हतं. मला माणसाची दानत म्हटली की ती चटणी आठवते, थोडी खारट झालेली.

लेकींच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी आक्का माझ्याकडं आली. मी जाणार नव्हते. ती म्हणाली, "मी एकटी कशी जाऊ? लोक म्हंतील धाकटी कुटं हाय." तिच्यासाठी म्हणून मी डबेवाल्यांना सुट्टी सांगितली. पहाटेच्या पॅसेंजरनं आम्ही निघालो. गाडीत मी विचारलं, हौदाचं कुठवर आलं? ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "गवंडी गावंना गं." जतला गवंडी मिळत नाही हे काही मला पटलं नाही, पण डुलकी लागली आणि विषय राहिला.

गावात शिरताच डोळे दिपले. वेशीपासून देवळापर्यंत रांगोळ्या, कमानी, सगळ्या पुढाऱ्यांचे हसरे चेहरे फ्लेक्सवर. लेकींवर फुलं उधळायला जेसीबी आणला होता. वर त्या लोखंडी सुपात झेंडूच्या पाकळ्या आणि खाली आम्ही, डोक्यावर कलश घेतलेल्या, चाळिशीच्या, पन्नाशीच्या, गुडघे धरून चालणाऱ्या बायका. खोटं कशाला बोलू, अंगावर पाकळ्या पडल्या तेव्हा मीही एक पाकळी मुठीत धरून ठेवली. ज्या बोळातून परकर धरून पळालो त्याच बोळात आज आपल्यावर फुलं पडताहेत. शेजारी आक्का तर रडतच होती, एका हातानं कलश धरून, वाकड्या मनगटानं डोळे पुसत. या लोकांना बरोबर ठाऊक असतं की लेकीच्या काळजाची कडी कुठं आहे.

मग मांडवात बसलो आणि माइकवर नावं सुरू झाली. कमिटीतला एक जण एकेक घर घेत होता. आमच्या घराची पाळी आली. आधी दादाचं नाव, आदरानं, जोरात. "यांच्या दोन्ही भगिनींकडून कळसासाठी..." आणि मग आक्काचं नाव, रक्कम, टाळ्या. त्याच्यापाठोपाठ माझं नाव, तीच रक्कम, टाळ्या.

मला वाटलं चूक झाली. मी आक्काकडं बघितलं. ती मांडीवरच्या पदराची टोकं जुळवत बसली होती.

"आक्का, माझं कुणी भरलं?"

"ऐक की कार्यक्रम."

"कुणी भरलं?"

"मी. मग काय करायचं?" ती कुजबुजली. "तू तिकडं काय बी लिवून बसलीस. देवळातल्या पाटीवर माजं एकटीचंच नाव आलं असतं. लोक म्हणालं असतं धाकटी फिरली."

हौदाचे पैसे. गवंडी मिळत होता, पैसे मिळत नव्हते. मी उठले. आक्कानं पदर धरला, मी तो सोडवला.

दादा मांडवामागं जेवणाच्या तयारीत होता. तिथं थंड पाण्याचे जार एकावर एक रचलेले, बाटल्यांची खोकी, आणि पाहुण्यांच्या वाटेवर धूळ बसावी म्हणून एक टँकर पाणी शिंपडत चाललेला. मी त्या ओल्या वाटेवर उभी राहून दादाला म्हटलं, आक्काचे पैसे परत दे.

"कसले?"

"माझ्या नावचे. आणि तिच्या नावचेही. हौदाचे आहेत ते."

"आगं, तिनं आपल्या हातानं आणून दिलं. मी मागाया गेलतो का जतला?"

"घेताना विचारलंस का कुठनं आणलेस?"

"देवाचं हाय ते. एकदा दिल्यालं परत मागत्यात का?"

"देवानं मागितलेलं मी ऐकलं न्हाई. तुमच्या ग्रुपनं मागितलं."

दादा आजूबाजूला बघायला लागला. वाढपी पोरं थांबली होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आज नगं. तुला काय बोलायचं ते दिवाळीला ये आन् बोल." मग एकदम त्याचा चेहरा पडला आणि म्हणाला, "तुला वाटतं मला हौस हाय? कमिटीत बसून भनींचीच वर्गणी आली न्हाई म्हणल्यावर गावात कुणाकडं मागू मी?" तो खरंच कावलेला होता. मला त्याची कणव यायला हवी होती. नाही आली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्या माणसाला तुळशीची काडी टोचली म्हणून मी का हळहळू?

देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली होती. मी ती जवळ जाऊन वाचली. वर ठळक अक्षरात दादाचं नाव, खाली बारीक अक्षरात 'यांच्या भगिनी', आणि त्याच्याखाली आम्ही दोघी, सासरची आडनावं लावून. सगळ्याच घरांचं असं. मी कमिटीतल्या एकाला विचारलं, लेकींचा कळस आणि वर भावांची नावं कशी? तो म्हणाला, "आवं, नुसती लेकींची नावं टाकली तर वाचणाऱ्याला कळायचं कसं कुठल्या घरातली?" त्याला यात काहीच खटकलं नव्हतं. मला मिळालेली साडी मी तिथंच झाडलोट करणाऱ्या बाईला दिली. आक्कानं स्वतःच्या साडीची घडीसुद्धा मोडली नाही, माहेरची म्हणून पिशवीत तळाशी ठेवली.

परतीच्या गाडीत मी आक्काशी बोलले नाही. सांगलीच्या अलीकडं ती म्हणाली, "राग आला व्हय गं?" मी म्हटलं, आला. ती म्हणाली, "येऊ दे. तुला लहानपणापास्नं येतो." आणि मला शेंगदाण्याचा लाडू दिला. मी तो खाल्लाही. काय करणार, भूक लागली होती.

त्या रात्री मी विचार केला. देणं आणि ठेवणं यात मेळ घालायचा तर आधी माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे. ज्या बाईला नाही म्हणायची सोय नाही, तिचं देणं म्हणजे दान नव्हे, ती वसुली आहे, फक्त ढोलताशा लावून केलेली. आक्काला माहेर हवं होतं आणि तिनं त्याची किंमत भरली होती, माझ्या वाट्याचीही. दुसऱ्या आठवड्यात मी पोस्टातले पैसे काढले. चपातीचं मशीन राहिलं. घरच्यांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून ते संध्याकाळी कणीक मळून देतात.

मी जतला गेले आणि आक्कापुढं पैसे ठेवले. म्हटलं, माझ्या नावचे तू भरलेस, ते मी देणं लागते, देवाचं देणं अंगावर ठेवू नये. हे तिला नाकारता येईना. कानडी-मराठी मिसळून बोलणारा एक गवंडी तिनंच शोधून ठेवलेला होता. तिच्या कळसाच्या वाट्याएवढे मी त्याच्या हातात निराळे दिले आणि सांगितलं, अक्काला बोलायचं नाही, स्वस्तात पडलं म्हण. त्यानं मान हलवली. मी हे दिलं, त्याचं मला काही वाटलं नाही. मला कुणी मागितलं नव्हतं, मीच मला विचारलं होतं आणि मीच हो म्हटलं होतं.

गवंड्याच्या सवडीनं, पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी हौद झाला. पहिलं पाणी यायच्या दिवशी आक्कानं मला बोलावलं. टँकर आला, पाइप सोडला, पाणी धबाधबा पडायला लागलं. शेजारच्या बायका हळदकुंकू घेऊन आल्या, नारळ फुटला. आक्का हौदाच्या कडेला बसून पाण्यात हात घालून बघत होती, ते वाकडं मनगट पाण्यात थोडं सरळ झाल्यागत दिसत होतं. मला इतकं बरं वाटलं की कळस, पाटी, सगळं विसरायला झालं. मग मी नारळाचं पाणी शिंपडायला पलीकडच्या बाजूला गेले आणि बघितलं. सिमेंट ओलं असताना खिळ्यानं कोरलेलं होतं, 'माहेरची भेट'. आणि त्याच्याखाली दादाचं नाव.

एक शेजारीण म्हणत होती, "भावानं बांदून दिला व्हय? नशीब काडलंस अक्का."

"व्हय," आक्का म्हणाली. "लय जीव हाय त्याचा."

बायका गेल्यावर मी तिच्यापुढं उभी राहिले. संताप झाला होता. तिथं पाटीवर त्याचं नाव, इथं हौदावर त्याचं नाव. आमच्या घामाला दुसरं नावच नाही का?

"बस खाली," आक्का म्हणाली. "तुजं नाव लिवलं असतं तर बाया इचारत्या, भाऊ न्हाई का? हाय म्हणलं की इचारत्या, मग त्यानं का न्हाई केला? काय सांगू त्यास्नी? आन् एक सांगती. मी हितं एकली राहती. मागं भाऊ हाय, पलटणीतल्या लोकांचं गाव हाय म्हणल्यावर मानसं नीट वागत्यात. भनीच्या नावाला कोण भितंय?"

दादाचं नाव म्हणजे तिच्या दाराची कडी होती, आणि कडी लोखंडाची आहे की नुसती रंगवलेली, हे बाहेरच्याला कशाला कळायला हवं. मला सगळं समजलं आणि त्यामुळं राग तसूभरही कमी झाला नाही, उलट वाढला. तो आता कुणावर काढायचा हेही कळेना. मी तो नारळ इतक्या जोरात खवला की बोटं सोलली.

पंधरवड्यानं दादाचा फोन आला. भाऊबीज लांब होती, म्हणजे काम असणार.

"काय गं, आक्काच्या हौदाचं काय ऐकतोय मी? तिकडचा एक मेंढरंवाला बाजारात भेटला. म्हणला, तुमी भनीला हौद बांदून दिला, नाव निगालं तुमचं."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? गप बसलो." मला वाटलं, लाजला. मला वाटलं, आता म्हणेल चुकलं. त्यानं घसा खाकरला. "एकंदर खर्च किती आला गं?"

देतोय वाटतं. मी मऊ होऊन विचारलं, "का रे दादा?"

"न्हाई, कुणी इचारलं तर आकडा सांगता आला पायजे."

मी आकडा सांगितला. बरोबर सांगितला, त्याच्या नावाला शोभेल असा. मग म्हटलं, "दादा, लोक पुढचंही विचारतील. हौदात पाणी कुठनं येतं, टँकरचं पैसं कोण देतं. तेव्हा काय सांगणार? ते तेवढं तू दे, उन्हाळाभर. म्हणजे तुला सगळंच खोटं बोलाया लागायचं न्हाई." तो म्हणाला बघतो. मी म्हटलं, बघू नको, धाड. न्हाईतर पुढच्या जत्रेला येऊन देवळात माइक घेईन. मी घेईन हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

आणि त्यानं पाठवले. पहिल्या टँकरचे पूर्ण पैसे, आक्काच्या खात्यावर. मला त्या दिवशी किती आनंद झाला ते सांगता येत नाही. डब्यात सगळ्यांना शिरा घातला. माझ्या भावाकडून एकदा तरी एक थेंब पाणी खरं निघालं होतं.

आठवड्यानं आक्काचा फोन आला. ती खुशीत होती. टँकर आला, हौद भरला, शेळ्या घरीच पाणी प्याल्या, सगळं सांगून झालं. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "तुज्या दादानं धाडलं त्यातलं थोडं उरलं हुतं गं. शेजारणीनं निम्मं भरलं न्हवं का."

"मग ठेव ना पोस्टात. पुढच्या टँकरला होतील."

"ठेवलं असतं. पर देवळात कळसाचा वर्धापनदिन हाय म्हणं, महाप्रसादाला लेकींनी..."

मी तिला पुढं बोलू दिलं नाही. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हक्कसोड, रसवंती, मनगट, पाटी, सगळं एका दमात काढलं. हातातलं लाटणं ओट्यावर आपटत होते, खांदा ठणकत होता, घरचे कणीक मळायचे थांबून बघत होते. मला धाप लागली तेव्हा थांबले.

"झालं का बोलून?" ती म्हणाली. "तुज्या नावचं बी दिलंय."